नाईट शिफ्ट, तुझं घोरणं आणि हार्ट

बाबू,

फोनवर हा विषय काढला की तुझं "हो गं आई, बघतो" सुरू होतं, म्हणून टाईप करतेय. पहाटे काउंटरवर कोणी नसतं तेव्हा वाच. नोकरी सोड असं मी अजिबात म्हणत नाहीये, कळंगुटच्या हॉटेलात नाईट ऑडिट कोणीतरी करणारच आणि तुला ते काम जमतंय. पण जत्रेला आलेलास तेव्हा दुपारी तू माजघरात झोपलेलास आणि मी बाजूला कुळीथ निवडत बसलेले, तर तुझं घोरणं मध्येच थांबायचं, छाती हलतेय पण हवा काही आत जात नाही, आणि मग एकदम घशातून मोठा आवाज काढून तू कूस बदलायचास. थोड्या वेळाने परत तेच. जिची सगळी नोकरी वॉर्डात गेली तिला हे बघून गप्प कसं बसवेल, तूच सांग.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तुला तोच आहे का हे तपासल्यावरच कळेल, पण लक्षणं तीच आहेत. झोपेत घसा सैल पडतो, हवेची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू तुला अर्धवट जागं करतो आणि त्याच वेळी बीपी फटकन वर जातं. उठल्यावर तुला यातलं काही आठवत नाही, हार्टला मात्र झोपेच्या नावाखाली हेच काम. खरं तर झोपेत बीपी 10 ते 20 टक्के खाली यायला हवं. ज्यांचं येत नाही त्यांना पुढे हार्टचा आणि स्ट्रोकचा धोका जास्त. गोळ्यांवर गोळ्या वाढवूनही बीपी ऐकत नाही अशा कितीतरी पेशंटच्या मुळाशी हे घोरणंच असतं, आणि घरचे सगळे म्हणतात काय गाढ झोपतो बघा!

आता टेन्शनचं. हार्टला त्याच्या मर्जीवर सोडलं तर ते मिनिटाला 100 च्या आसपास धावतं, ट्रान्सप्लांट केलेल्या हार्टच्या नसा कापलेल्या असतात म्हणून त्याचा रेट बसल्या जागीही जास्तच असतो. आपला 70 च्या घरात राहतो तो वेगस नर्व्हमुळे, ती मेंदूपासून खाली येऊन हार्टचा कासरा ओढून धरते. खोटं वाटत असेल तर आत्ता मनगटावर बोटं ठेव आणि हळूहळू लांब श्वास सोड, ठोके किंचित लांब लांब पडतील, श्वास घेताना परत जवळ येतील. तुझ्या घड्याळात ते एचआरव्ही दाखवतं ना, ते हेच, आणि तो फरक असलेलाच बरा. झोप झाली नाही किंवा डोक्याला सारखा ताप असला की तो कमी होतो.

वेगस हार्टला नेमकी कशी थांबवते हे ऑटो लोवी नावाच्या माणसाने 1921 मध्ये दाखवलं. दोन बेडकांची हार्टं घेतली, एकाची वेगस चेतवून ते मंद केलं आणि त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्याला दिलं, तर तेही मंद झालं, म्हणजे नस रसायन सोडते. 1936 ला नोबेल मिळालं त्याला. मजा म्हणजे हा प्रयोग त्याला झोपेत सुचलेला, रात्री उठून कागदावर लिहून ठेवला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना (डॉक्टरच तो शेवटी), दुसऱ्या रात्री परत सुचला तेव्हा सरळ लॅबमध्ये गेला.

तर रात्री दोनला कोणी पिऊन येऊन बिलावरून ओरडतो तेव्हा हे नुसतं गिऱ्हाईक आहे हे शरीराला कळत नाही, सत्तरीच्या रानात गवा समोर आल्यावर जे व्हावं तेच होतं, ठोके वाढतात, रक्ताच्या नळ्या आवळतात. गव्यापुढून माणूस पळून तरी जातो, तू तिथेच हसत "सॉरी सर" म्हणत उभा. एखाद्या रात्रीने काही होत नाही रे, पण सीझनभर रोज हे आणि वर झोप नाही, मग बीपी वरच राहायला शिकतं.

पहाटे चारला ते एनर्जी ड्रिंक मारतोस, त्यातलं निम्मं कॅफिन नऊ-दहालाही रक्तात असतं, म्हणून सकाळी पाव विकत येणाऱ्या पोदेराच्या पों पोंवर चिडू नकोस, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. शेवटचा चहा-कॉफी दीडपर्यंत. आणि झोप यावी म्हणून बिअर तर नकोच, डोळा लागतो पण घसा आणखी सैल पडतो, घोरणं वाढतं आणि झोप तुटत राहते. रूमला जाड काळा पडदा लाव, पैसे मी देते. मॅनेजरला विचार की ड्युटी सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा क्रमाने लावता येईल का, उलट्या क्रमापेक्षा शरीराला ते सोपं जातं.

ईएनटी किंवा चेस्टच्या डॉक्टरला दाखव आणि स्लीप स्टडीबद्दल तूच विचार, श्वास थांबतो हे आईने बघितलंय असं स्पष्ट सांग, नुसतं "घोरतो" म्हणालास तर हसून सोडून देतील. आणि कधी छातीत दाबल्यासारखं झालं, हात-जबडा दुखला, घाम फुटला, तर गॅस आहे म्हणून सोडा पीत बसायचं नाही आणि बाईक काढायची नाही, 108. आता लहान हॉस्पिटलातूनही ईसीजी थेट गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) हार्टवाल्या डॉक्टरांकडे जातो, पण तू तिथे वेळेत पोचलास तर उपयोग.

माझं बीपीचं मशीन उद्याच्या वाळपईच्या बसने पाठवतेय, सोबत सोलं आणि पेजेचे तांदूळ आहेत. उठल्यावर पाच मिनिटं शांत बसून मग घे, चहाच्या आधी, मोबाईल बाजूला ठेवून. आकड्यांचा फोटो काढून पाठव, मनचे लिहू नकोस, मला कळतं.

आई

ता.क. बाबा पण घोरतात हे तू म्हणणारच. त्यांनाही नेतेय.