मंत्रीसाहेब, यूव्ही दिवा म्हणजे कुठलाही यूव्ही दिवा नव्हे

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, विषय बारीक आहे, पण खालच्या टेबलांवर फिरून फिरून थकलो म्हणून आता जाहीरच लिहितोय. आमच्या लॅबने ३६६ नॅनोमीटर तरंगलांबीचा यूव्ही (अतिनील) दिवा मागितला होता. खरेदी विभागाने निविदेतून तो आकडाच काढला, कारण म्हणे एवढं नेमकं लिहिलं की एकाच कंपनीचा फायदा होतो. मग उरलं काय, तर 'यूव्ही लॅम्प, १ नग'. सगळ्यात कमी दराची निविदा पास झाली आणि दिवा आला ३१२ चा. कागदोपत्री सगळं चोख, फक्त आम्हाला जी गाठ मारायची होती ती सोडवणारा दिवा आमच्या गळ्यात पडला.

हे जरा नीट सांगतो, कारण सगळी भानगड त्या आकड्यातच आहे. डीएनएचे दोन धागे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, म्हणजे पकड तशी नाजूकच, तापवलं की सुटतात, मीठ कमी केलं की सैल पडतात. आता त्यातल्या एका धाग्यात नेहमीच्या बेसच्या (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं: ॲडेनिन, ग्वानिन, थायमिन, सायटोसिन) जागी एक बदललेला बेस बसवायचा, सायनोव्हिनिलकार्बाझोलचा, लॅबमध्ये सगळे त्याला सीएनव्हीके म्हणतात. जपानमध्ये योशिमुरा आणि केंझो फुजिमोतो यांनी २००८ साली तो मांडला. अंधारात हा बेस गप्प बसून असतो. ३६६ चा उजेड पडला की समोरच्या धाग्यातल्या (अगदी समोरच्या नाही, एक घर बाजूच्या) थायमिनशी किंवा सायटोसिनशी चार कार्बनचं कडं करतो, म्हणजे पक्का सहसंयुज बंध, आणि थायमिन असेल तर हे काम सेकंदाभरात उरकतं, सायटोसिनला थोडा जास्त वेळ लागतो. ॲडेनिन आणि ग्वानिनच्या वाटेला तो जात नाही. मग त्याच नमुन्यावर ३१२ चा उजेड काही मिनिटं टाकला की कडं तुटतं, दोन्ही धागे होते तसे मोकळे. एन्झाइम नको, वेगळं केमिकल नको.

आणि कुणी २५४ चा जंतुनाशक दिवा गळ्यात मारला तर त्याहून वाईट, कारण डीएनए स्वतःच २६० च्या आसपासचा उजेड शोषतो, म्हणजे आपण निवडलेली एक जागा सोडून शेजारशेजारची थायमिनं कुठेही एकमेकांना चिकटायला लागतात. तिन्ही दिवे 'यूव्ही'च! एक जोडतो, एक सोडतो, एक नासवतो.

खोटं वाटत असेल तर लॅबमध्ये येऊन जेल बघा, त्यात विजेच्या ओढीने डीएनएचे धागे आकारानुसार वेगळे होतात. युरिया घातलेल्या जेलवर साधे धागे सुटे होऊन खाली धावतात, आणि जोडलेली जोडी जड असल्यामुळे मागे, वरच्या बाजूला रेंगाळते. उजेडाआधी तिथे काहीच नसतं, उजेडानंतर एक स्वच्छ पट्टा दिसतो. चुकीच्या दिव्याने तो पट्टा येतच नाही, मग विद्यार्थी बिचारा आठवडे घालवून बेसमध्ये, बफरमध्ये, स्वतःमध्ये दोष शोधत बसतो.

'पण उपयोग काय', हा रकाना तुमच्या फॉर्ममध्ये असतोच, म्हणून तेही लिहितो. उजेडाने डीएनए जोडणं हे काही नवं खूळ नाही. सोरालेन नावाचं रसायन अधिक यूव्ही-ए (जास्त तरंगलांबीचा यूव्ही) हा सोरायसिस या त्वचारोगावरचा उपचार १९७४ पासून वापरात आहे. त्याच कुळातलं अमोटोसॅलेन दान केलेल्या रक्ताच्या प्लेटलेट्समध्ये घालून वर यूव्ही-ए टाकतात, त्यात विषाणू आणि जिवाणूंचा डीएनए-आरएनए असा जखडला जातो की त्यांची वाढच थांबते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१४ मध्ये त्याला मान्यता दिली. सोरालेन मात्र कुठे जोडायचं ते बहुतेक स्वतःच ठरवतं, सीएनव्हीकेसारख्या बेसची जागा आपण ठरवतो. नेमका हवा तो आरएनए पकडायचा, घट्ट जोडायचा, मग कडक धुऊन बाकीचा सगळा कचरा काढायचा आणि शेवटी ३१२ ने तो मोकळा करायचा, हे यातूनच जमतं. डीएनएच्या घड्या घालून केलेल्या नॅनोरचना मिठाशिवाय, उष्णतेत टिकवता येतात. मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे सायटोसिनशी जोडून, तापवून, परत सोडवलं की त्या सायटोसिनचं युरॅसिल (एक वेगळाच बेस) झालेलं असतं, म्हणजे अक्षरच बदललं! ९० अंशांपर्यंत तापवावं लागतं ही अडचण आहे, पेशीत ते शक्य नाही, म्हणून कमी तापमानावर काम करणाऱ्या रचना लोक शोधतायत.

आता दुसरं दुखणं. दिवा 'उपकरण' म्हणून मिळतो तरी, पण बदललेला बेस 'किरकोळ साहित्य' या खात्यात पडतो आणि तिथे पैसे नसतात. हा बेस धाग्यात बसवायला त्याचं फॉस्फोरामिडाइट (धागा बनवताना जोडता येईल असं रासायनिक रूप) लागतं, ते ओलाव्याने खराब होतं, थंड आणि कोरडं ठेवावं लागतं, बाटली उघडली की त्याचे दिवस भरत आले. एका लॅबला लागतो चिमूटभर, घ्यावी लागते अख्खी बाटली, उरलेलं वाया. प्रत्येक लॅबला वेगळी बाटली देण्यापेक्षा एक सामायिक संश्लेषण केंद्र काढा, लोक सिक्वेन्स (बेसचा हवा तो क्रम) पाठवतील, केंद्र धागे बनवून अंधाऱ्या ट्यूबमध्ये पाठवेल. त्या केंद्राच्या पाटीवर हवं तर तुमचं नाव घाला, आमची काही हरकत नाही.

दिव्याचं तर अजून सोपं आहे. तरंगलांबी हा कंपनीचा ब्रँड नाही, ते भौतिकशास्त्र आहे, आणि ३६५ च्या एलईडी बऱ्याच कंपन्या बनवतात, त्यामुळे स्पर्धेला काही धक्का लागत नाही. (३६५ आणि ३६६ मध्ये आमचं काही अडत नाही, कृपया त्यावरून फाइल परत पाठवू नका.) निविदेत तरंगलांबी आणि नमुन्यावर पडणाऱ्या उजेडाची तीव्रता या दोन ओळी सक्तीच्या कराव्यात, आणि माल ताब्यात घेताना स्पेक्ट्रोमीटरवर (तरंगलांबी मोजणाऱ्या यंत्रावर) तपासल्याशिवाय बिल पास होऊ नये, एवढं एक परिपत्रक काढा. मसुदा मी लिहून ठेवलाय, अर्ध्या पानाचा आहे, तुमच्या कार्यालयाने मागितला की त्याच दिवशी पाठवतो.

आपला,
न्यूक्लिक ॲसिडवर काम करणारा एक संशोधक