वैनगंगेचे पाणी उचलायचे ते पुरातच

संपादक महोदय,

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे (जि. भंडारा) पाणी कालव्याने बुलढाण्याच्या नळगंगा धरणापर्यंत नेणाऱ्या वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाची बाजू मांडताना ‘एरवी हे पाणी समुद्रातच वाया जाते’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ऑगस्टच्या पुरापुरते ते खरे आहे, मार्चपुरते नाही. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेत जाते, वैनगंगा प्राणहिता होऊन सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पुढे राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला ते पाणी अडवून कालव्यांत वळवले जाते. आर्थर कॉटनने तिथे १८५२ मध्ये पहिला बंधारा पुरा केला. आज त्या जागी बॅरेज (दरवाजांचा बंधारा) आहे आणि त्रिभुज प्रदेशातले सुमारे दहा लाख एकर त्यावर भिजतात. रब्बीत तिथे गोदावरीच्याच खोऱ्यातल्या सिलेरू नदीवरच्या वीजकेंद्रांतून सुटणाऱ्या पाण्याचा आधार घ्यावाच लागतो.

त्रिभुज प्रदेशात नदीचे काठ गाळाने उंच झालेले आणि आतली जमीन सखल असते. म्हणून कालवा उंचावरून न्यायचा आणि निचऱ्याचा चर सखलातून काढायचा. चराच्या तोंडाशी झडप असते, ती ओहोटीला उघडते आणि भरतीला मिटते. तिच्यात जलपर्णी किंवा ओंडका अडकला, की भरतीबरोबर खारे पाणी आत शिरते आणि पीक पिवळे पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

नदीच्या मुखाला मात्र अशी झडप नसते. तिथे समुद्राला मागे रेटते ते फक्त वाहते गोडे पाणी. खारे पाणी जड असल्यामुळे तळातून पाचरीसारखे वर सरकते. वरचा नमुना गोडच लागतो, म्हणून मोजणी भरतीच्या वेळी आणि तळाशी करावी लागते. वीस भाग गोड्या पाण्यात समुद्राच्या पाण्याचा एक भाग मिसळला तरी विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचे माप, ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या जवळ जाते. सिंचनाच्या पाण्यात ती २ च्या वर गेली की भाताचे उत्पन्न घटू लागते.

फरक्काचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९७५ पासून तिथल्या ४०,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट) क्षमतेच्या कालव्यातून गंगेचे पाणी हुगळीत वळवले जाते, ते कोलकाता बंदरातला गाळ आणि खारेपणा हटवण्यासाठी. पण खाली बांगलादेशात गंगेचाच फाटा असलेल्या गोराई नदीचा उन्हाळी प्रवाह आटला आणि खुलना भागात खारे पाणी आत सरकले.

आता आपला हिशेब पाहू. प्रकल्पाला वर्षाला १,७७२ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी हवे, गोसीखुर्दचा उपयुक्त साठा आहे ७४० दलघमी. म्हणजे पुराचे पाणी गोसीखुर्दला साठवून सावकाश देणे जमणार नाही, ते पुरातच उचलून वाटेतल्या तलावांत भरावे लागेल. शंभर दिवसांत उचलायचे तर कालव्याला सेकंदाला सुमारे २०५ घनमीटर वाहावे लागेल. वर्षभर उचलायचे ठरवले तर ५६ पुरतात. कालवा लहान, पंप कमी, खर्च कमी. मोह इथेच पडतो, आणि पैसे कमी पडले की कात्री नेमकी याच क्षमतेवर चालते. तसे झाले तर उपसा हिवाळ्यात, उन्हाळ्यात लांबेल आणि खालच्या प्रवाहाला ऐन गरजेच्या महिन्यांत ओहोटी लागेल.

म्हणून नोव्हेंबर ते मे या काळात या कालव्यासाठी गोसीखुर्दमधून उपसा करणार नाही, ही अट मंजुरीतच लेखी घालावी. कालव्याची क्षमता आणि गोसीखुर्दखालचा महिनावार विसर्ग जलसंपदा विभागाने निविदा काढण्यापूर्वी जाहीर करावा.

— एक निवृत्त पाटबंधारे अभियंता, नागपूर