प्रमाणपत्रांची फाइल आणि बेदाण्याची शेड

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की क्लासच्या फलकांशेजारी आता 'प्रोफाइल बिल्डिंग'चे फलकही सांगलीत दिसू लागले आहेत. परदेशातील किंवा मोठ्या खासगी विद्यापीठांतील प्रवेशाला नुसते गुण पुरत नाहीत, मुलाने समाजसेवा, खेळ, कला असे काही केलेले असावे लागते, एवढे पालकांच्या कानावर येते आणि मग अकरावीच्या वर्षात एका शनिवारी वृक्षारोपण, एका रविवारी वृद्धाश्रमात फळवाटप, मधल्या सुट्टीत एखादी ऑनलाइन कार्यशाळा असे करत प्रमाणपत्रांची फाइल फुगत जाते. माध्यमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी ओळखीच्या मुलांना असे अर्ज भरायला मदत करते, म्हणून हे पत्र.

आधी एक खुलासा करायला हवा. मूल एमएचटी-सीईटी, जेईई किंवा नीट देऊन अभियांत्रिकीला वा वैद्यकीयला जाणार असेल, तर खेळाडूंच्या राखीव जागांसारखे थोडे अपवाद सोडल्यास तेथे या फाइलला काही किंमत नाही; प्रवेश गुणानुक्रमावर होतो. फाइल पाहिली जाते ती सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या थोड्या संस्थांत आणि मुख्यतः अमेरिकेतील महाविद्यालयांत. तेथील हजाराहून अधिक महाविद्यालये 'कॉमन ॲप' हा एकच अर्ज स्वीकारतात. त्यात जास्तीत जास्त दहा उपक्रम नोंदवता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला रिकाम्या जागा धरून १५० इंग्रजी अक्षरे मिळतात. पण खरे प्रश्न त्याच्या शेजारच्या रकान्यांत आहेत : नववी ते बारावीपैकी कोणत्या इयत्तांत हे काम केले, वर्षातून किती आठवडे केले आणि आठवड्याला किती तास केले. फळवाटपाचे उत्तर 'वर्षातून एक आठवडा, तीन तास' असे येते. ते वाचणाऱ्याला काय कळायचे ते कळते.

दोन वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातील एक मुलगी माझ्याकडे आली होती. फाइल अगदीच बारीक, म्हणून बिचारी खट्टू झालेली. बोलता बोलता कळले की वडिलांच्या बेदाण्याच्या शेडवर हंगामात मजुरांची हजेरी, पगाराचा हिशेब आणि मालाच्या प्रतवारीची वही आठवीपासून तीच सांभाळते. हे अर्जात का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर म्हणाली, "बाई, त्यात काय लिहायचं? घरचंच काम की ते." त्या अर्जाच्या उपक्रमांच्या यादीत घरच्या जबाबदाऱ्या आणि पगारी नोकरी असे दोन स्वतंत्र प्रकार आहेत, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका'चा पायंडा पाडला, त्याच भागातल्या मुलांना घरच्या कामाची लाज वाटावी, हे मला फार लागले.

याउलट, एका सुशिक्षित पालकांनी माझ्याकडे न झालेल्या शंभर तासांच्या सेवेचे पत्र मागितले. मी नकार दिला. चार दिवसांत दुसरीकडून ते मिळाल्याचे त्यांनीच मला हसत हसत सांगितले. त्या मुलाला उद्या मुलाखतीत कोणी त्या शंभर तासांबद्दल दोन साधे प्रश्न विचारले, तर तो काय सांगणार आहे?

निवड करताना मुलांनी लांब जायची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. ते मनापासून केले तर तासांचा आणि सातत्याचा दोन्ही प्रश्न सुटतो. २०१९ च्या महापुरात सांगलीत घरांबरोबर ग्रंथालयांतही पाणी शिरले होते. तेव्हा चिखल उपसणारे हात पुष्कळ होते, पण पाणी ओसरल्यावर पुढची कामे महिनोन् महिने करणारे थोडे. जे मूल दोन वर्षे दर रविवारी एखाद्या वाचनालयात पुस्तकांची नोंद करते, वस्तीतल्या चार मुलांचे गणित घेते किंवा तालमीत लहान पोरांना डाव शिकवते, त्याच्याजवळ १५० अक्षरांत मावणार नाही इतके सांगण्यासारखे असते. आवड मात्र त्याची स्वतःची हवी; आईवडिलांनी लावून दिलेला उपक्रम बहुधा सहामाहीपर्यंतही टिकत नाही.

जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला अकरावीच्या आरंभी एक साधी वही द्यावी, तीत कामाची तारीख, तास आणि स्वरूप त्याने स्वतः लिहावे आणि वर्गशिक्षकांनी महिन्यातून एकदा ती पाहून सही करावी. घरच्या कामालाही त्या वहीत जागा असावी. अमेरिकेतील बहुतेक अर्जांची मुदत नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान संपते आणि दोन वर्षांमागचे तास त्या घाईत कोणालाच नेमके आठवत नाहीत. तासगावच्या त्या मुलीच्या घरी हजेरीच्या जुन्या वह्या जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून तिचे भागले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली