वाणाच्या डब्या

लातूर,
वेळ अमावास्येनंतरचा रविवार

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले होते आणि "नंतर करते" म्हणून ठेवलेला फोन मी अजून केलेला नाही. त्यावर तू जे बोलशील ते सगळे मी ऐकून घेतले आहे असे समज. सासूबाईंची साखर आटोक्यात आहे, माझी पाठ आहे तशीच आहे. पत्र लिहायला बसले ती जाऊबाईंमुळे. रसायनशास्त्र शिकलेली आणि जाऊबाईंनाही पुरती ओळखणारी अशी तू एकटीच असल्यामुळे हे गाऱ्हाणे दुसऱ्या कोणापुढे मांडून उपयोग नाही.

यंदा थंडी कोरडी आहे, त्यात बोअरचे जड पाणी. सासूबाईंच्या टाचांना भेगा पडल्या आणि माझ्या हातांची सालपटे निघू लागली, म्हणून मी घरीच मलम करू लागले. मापात नवे काही नाही. आयुर्वेदातल्या सिक्थतैलात मधमाश्यांचे मेण एक भाग आणि तिळाचे तेल सहा भाग असते. मी तेच धरले, फक्त निम्म्या तिळाच्या जागी घाण्यावरचे करडईचे तेल घातले, कारण ते हाताला हलके लागते आणि चिकट राहत नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचे, त्यावर स्टीलच्या वाटीत 10 ग्रॅम किसलेले मेण आणि 60 ग्रॅम तेल. मेण 62-64 अंशांना वितळते, त्यामुळे तेल चुलीवर कढवण्याची गरजच पडत नाही. किसाचे पिवळे कण आधी काठाकाठाने पारदर्शक होतात, मग सगळे मिश्रण मधासारखे स्वच्छ दिसते, तेव्हा वाटी उतरवायची आणि थंड ताटलीवर एक थेंब टाकून बोटाने दाबून पाहायचा. दगडासारखा लागला तर तेल वाढवायचे, पसरला तर मेण. डबीत ओतल्यावर ते कडेकडून पांढुरके होत मध्याकडे येते आणि मधोमध बारीकशी खळी पडते. ती खळी बघत मी ओट्यापाशी उभी राहते, हे ऐकून तू हसणार आहेस, तर हस.

खोबरेल मी मुद्दाम टाळले. ते 24 अंशांच्या आसपास विरघळते, म्हणजे या दिवसांत डबीत गोटा आणि आपल्याकडच्या एप्रिलमध्ये पाणी.

आता मुख्य गोष्ट. जाऊबाईंनी जाहीर केले आहे की या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून घरच्या क्रीमच्या 51 डब्या वाटायच्या. मी म्हटले, मलम देऊ, आनंदाने करते. तर उत्तर आले, "ते पिवळं, मेणचट कोण लावतंय? विकतच्यावाणी पांढरंफेक दिसलं पाहिजे." त्यांनी मोबाईलवर पाहिले आहे: कुंडीतल्या कोरफडीचा गर, गुलाबपाणी आणि तेल मिक्सरमधून फिरवले की लोण्यासारखी क्रीम तयार. होतेही तशी, मी डोळ्यांनी पाहिली. थोड्याच दिवसांत त्यांच्या डबीच्या झाकणाखाली हिरवट काळे ठिपके आले. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की झाकण ओले होते.

सुनंदा, झाकणाचा काय दोष? पाणी आले की बुरशी आणि जिवाणू यांना घर मिळाले, आणि बुरशी निदान दिसते तरी. जिवाणू वाढलेली क्रीम दिसायला, वासाला अगदी नीट असू शकते, माझा जीव त्यालाच घाबरतो. जाऊबाई म्हणतात, व्हिटॅमिन ईच्या गोळ्या फोडून घालू. पण त्याने तेल खवट होणे लांबते, जंतू मरत नाहीत. कडुलिंब, लवंग, हळद अशी नावेही घेऊन झाली. मलमात पाणीच नसल्यामुळे ते टिकते, एवढी साधी गोष्ट आहे. तेही करडईचे तेल लवकर खवट होते म्हणून डबी लहान, कोरडी आणि अंधारात ठेवावी लागते. कारखान्यातल्या क्रीममध्ये तेल आणि पाणी धरून ठेवणारा पदार्थ वेगळा आणि टिकवणारा वेगळा, तोही मोजून. फिनॉक्सीइथेनॉल या टिकवणाऱ्या रसायनाला 1 टक्क्याची मर्यादा आहे, ती आपल्या ओट्यावर चिमटीने कशी सांभाळायची? आणि वाणाची डबी ज्या घरी जाईल तिथे कोणाच्या मांडीवर तान्हे बाळ असेल, थंडीने त्याचे गाल फुटले असतील. "घरचं आहे, लाव" असे म्हणायला आपल्या बायकांना वेळ लागत नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे जाऊबाईंच्या डोक्यातून काही केल्या निघत नाही. नैसर्गिक तर एरंडाचे बीही आहे, ते कोणी चघळून पाहावे.

यावरून तुला होस्टेलची ती रात्र आठवली असणार. पेट्रोलियम जेलीइतके कातडीतले पाणी कोणतेही तेल अडवत नाही, असे तू म्हणाली होतीस आणि मी तिळाच्या तेलाची बाटली तुझ्या पुस्तकांवर आपटली होती. तुझे म्हणणे आजही खरे आहे, आणि माझा हट्टही आजवर तसाच आहे, त्यामुळे तो वाद पुढे चालू ठेवू. एका गोष्टीत मात्र आपले एकमत होते: तेल ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवते. म्हणून सासूबाईंचे पाय रात्री कोमट पाण्यात ठेवते, नुसते टिपते, ओलसर असतानाच मलम लावते आणि सुती मोजे चढवते. साखर असल्यामुळे एखादी भेग खोल दिसली तर मलम बाजूला आणि डॉक्टर आधी, हे मी त्यांना बजावून ठेवले आहे.

जाऊबाई मोठ्या आहेत. मी नाही म्हटले तर "हिला माझं काही पटतच नाही" हे वाक्य रथसप्तमीपर्यंत प्रत्येक हळदीकुंकवात ऐकावे लागेल. त्यात बचत गटातल्या एकीने पुढच्या वर्षी विकायला काढू असेही सुचवले आहे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने करायची तर परवाना लागतो, हे सांगितल्यावर माझ्याकडे असे पाहिले गेले, जणू तो नियम मीच काढला.

तुझ्या बदलीचे काय झाले? मुलीची बारावी आहे, तिला माझा आशीर्वाद सांग आणि रात्री जागू नकोस म्हणावे. करडईचे तेल इकडून येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवते. ते भाकरी-चटणीवर घे, पायाला लावून वाया घालवू नकोस.

डब्यांची ऑर्डर पुढच्या सोमवारी द्यायची आहे. त्याआधी फोन कर, पण माझ्या नव्हे, जाऊबाईंच्या मोबाईलवर. आणि मी हे पत्र लिहिले आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. सहज चौकशीला केला असे दाखव, संक्रांतीचा विषय त्या स्वतःच काढतील.

तुझी,
शालू