किडनीच्या आजारात डोक्याची तपासणी ‘असंबंधित’ ठरवून नाकारलेल्या दाव्याबाबत

क्लेम विभागप्रमुख,

काल तुमच्या कस्टमर केअरला सहावा फोन झाला, म्हणून हे पत्र. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, बिलं तुमच्याकडे आहेत; दोनदा पाठवलीत.

माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, म्हणजे लघवीवाटे प्रथिनं वाहून जाण्याचा किडनीचा आजार. आजार उलटला, लघवीतलं प्रथिन तपासायची पट्टी रोज हिरवीगार यायला लागली, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन 1.4 वर घसरलं. चौथ्या दिवशी डोकं धरून बसला, उलट्या थांबेनात. संध्याकाळी छताकडे बघत म्हणाला, “आई, दोन पंखे का फिरतायत?” साधा सीटी नॉर्मल आला. डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे मेंदूच्या शिरांचा एमआरआय केला, तेव्हा मेंदूच्या शिरेतली गुठळी दिसली. त्याच रात्री गुठळी वाढू न देणारं हेपारिन सुरू झालं.

तुमचा नकार असा : सीटी नॉर्मल, सबब पुढची तपासणी अनावश्यक, शिवाय मूळ आजाराशी असंबंधित. अहो, सीटी नॉर्मल होता म्हणूनच पुढची तपासणी केली!

आता कालचं बोलणं.

“मॅडम, आजार किडनीचा आहे ना?”

“हो.”

“मग डोक्याचा एमआरआय कशाला?”

मी शांतपणे सांगितलं, या आजारात लघवीवाटे नुसतं अल्ब्युमिन जात नाही, रक्त गोठू न देणारं अँटिथ्रॉम्बिनही जातं. म्हणून गुठळ्या होतात. क्वचित होतात, पण जिवावर बेततात. “होल्ड करा हं.” नऊ मिनिटं बासरी. मग, “मॅडम, सिस्टीममध्ये किडनी पोटाच्या आजारांत येते.” अभिनंदन. तुमच्या सिस्टीमचा पहिला धडा पाठ झालाय. रक्त अंगभर फिरतं, हा दुसरा कधी घेताय? आणि फोन ठेवता ठेवता, “मुलगा बरा आहे ना आता? मग झालं तर!”

झालं तर! आठ वर्षं हप्ता एक दिवस चुकला नाही, तेव्हा कोणी ‘झालं तर’ म्हणालं नाही.

सीटी नॉर्मल होता म्हणूनच व्हेनोग्राफी केली, हे पुन्हा लिहिते, कारण तुमच्याकडे कोणी वाचत नाही. नकारावर सही करणाऱ्या तुमच्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक कळवा. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा हेच आलं, तर विमा लोकपालांकडे जाईन.

फोन करू नका, लेखी कळवा. मुलाला रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन चालू आहे, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर वरचेवर तपासावा लागतो. ती बिलंही ‘असंबंधित’ ठरणार असतील तर आत्ताच सांगून टाका.

– पॉलिसीधारक