ग्रॅनव्हिल पार्क ते वॉलबीज: आण्णा-आईंना सिडनीहून पत्र

सिडनी,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आण्णा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे, जेवणखाण वेळेवर होते, आणि ऑफिसचे व घराचे सारे तुम्हाला फोनवर ठाऊक झालेलेच आहे, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. हे पत्र लिहायला बसलो ते आण्णांच्या प्रश्नासाठी. "दर शनिवार त्या रग्बीच्या मैदानावर घालवून तुला काय मिळतं, आणि ज्या संघावर एवढा जीव टाकतोस तो तर हरतोच आहे," असे आण्णा म्हणाले आणि मला फोनवर नीट उत्तर देता आले नाही. रेंज जात होती हे एक कारण, आणि उत्तर लांबलचक आहे हे दुसरे.

आण्णा, संघ हरतो हे खरे आहे. गेल्या महिन्यात वॉलबीज, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय रग्बी संघ, युरोपात इंग्लंडकडून २५-७, इटलीकडून २६-१९, आयर्लंडकडून ४६-१९ आणि फ्रान्सकडून ४८-३३ असा हरला. त्या दौऱ्यात युरोपातला एकही सामना त्यांना जिंकता आला नाही. पण हाच संघ ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर विश्वविजेत्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २२-० असा मागे पडला होता आणि तिथून त्याने सामना ३८-२२ असा जिंकला. त्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने यापूर्वी विजय मिळवला होता तो १९६३ साली. तीन महिन्यांत तीच माणसे खेळ विसरली, असे मला वाटत नाही. पहिले पंधरा जण धडधाकट असतील तर हा संघ कोणालाही हरवू शकतो. त्यांतले चार-पाच जायबंदी झाले, की त्यांच्या जागी येणाऱ्या मुलाची तेवढी तयारी झालेली नसते. माझ्या मते या खेळाचे इथले दुखणे वर नाही, खाली आहे, आणि ते खाली का आहे हे मी दर शनिवारी डोळ्यांनी पाहतो.

इथली रचना अशी आहे. सिडनीतल्या क्लबांची शूट शील्ड नावाची जुनी स्पर्धा आहे. तिच्यावर न्यूझीलंड आणि पॅसिफिक बेटांच्या संघांबरोबरची सुपर रग्बी, तीत ऑस्ट्रेलियाचे आता चारच संघ उरले आहेत: सिडनीचा वॉराटाज, ब्रिस्बेनचा रेड्स, कॅनबेराचा ब्रंबीज आणि पर्थचा फोर्स. मेलबर्नचा रेबेल्स हा पाचवा संघ कर्जात बुडाला आणि २०२४ च्या हंगामानंतर बंद झाला. मुख्यतः या चार संघांतूनच वॉलबीज निवडायचे. न्यूझीलंडमध्ये क्लब आणि सुपर रग्बी यांच्यामध्ये प्रांतांची स्पर्धा आहे, दक्षिण आफ्रिकेत करी कप आहे. ऑस्ट्रेलियाने ही मधली पायरी दोनदा बांधली आणि दोनदा मोडली: २००७ मध्ये एकच हंगाम चालवून बंद केली, आणि पुन्हा २०१४ ते २०१९ चालवून सोडून दिली. खर्च परवडत नाही असे कारण दिले जाते. ज्या घरात जिना बांधायलाच पैसे नसतात त्या घराचा वरचा मजला कोण वापरणार, असे मला विचारावेसे वाटते. क्लबच्या मैदानावर शंभर-दोनशे लोकांसमोर खेळणारा वीस वर्षांचा मुलगा एकदम सुपर रग्बीत जातो, तिथे न्यूझीलंडच्या तयार खेळाडूंपुढे चार सामने चाचपडतो, आणि तो कमी पडला असा शिक्का बसून परत येतो. अशी दोन मुले माझ्या चांगल्या ओळखीची आहेत.

माझा क्लब पॅरामॅटाचा, आता त्याला टू ब्लूज म्हणतात, कारण त्याच्या जर्सीत निळ्याच्या दोन छटा आहेत. तो १८७९ सालचा आहे. मैदान मेरिलँड्समधले ग्रॅनव्हिल पार्क. १९७७, १९८५ आणि १९८६ मध्ये त्याने शूट शील्ड जिंकली आणि त्यानंतर नाही. क्लब श्रीमंत नाही. खेळणारी पोरे बहुतेक सामोआ, टोंगा आणि फिजीहून आलेल्या कुटुंबांतली. वडील गोदामात किंवा बांधकामावर, आई रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात कामाला. सकाळपासून एकाच मैदानावर खालच्या ग्रेडपासून, म्हणजे क्लबच्या दुय्यम संघांपासून, सामने सुरू होतात आणि दुपारी तीनच्या सुमारास पहिली ग्रेड उतरते. सकाळी खेळून झालेली मुले दुपारी सीमारेषेवर चेंडू आणून द्यायला उभी राहतात. आण्णा, तुम्ही तालमीच्या संघातून कबड्डी खेळलात, त्यामुळे या खेळातली पकड तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल: समोरून धावत येणाऱ्याची कंबर आणि मांडी यांच्यामध्ये खांदा घालायचा, हात आवळायचे आणि पाय चालवत राहायचे. वजनाने कमी असलेला गडी मोठ्या गड्याला कसा पाडतो हे तुम्ही आम्हाला अंगणात दाखवायचात, तेच इथे पाहताना माझे लक्ष हलत नाही. जूनमध्ये मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीग दादाने टीव्हीवर पाहिली असे वहिनी म्हणाली. ती सात जणांची होती. पंधरा जणांचा खेळ संथ वाटतो, पण पकडीची खरी कसोटी त्यातच लागते.

आईने विचारले होते की मैदानावर मांस वाटतात हे खरे का. आई, हे नीट समजावून सांगतो, कारण आत्याने ते कुठून तरी ऐकून तुला भलतेच सांगितलेले दिसते. इथल्या जवळजवळ प्रत्येक क्लबमध्ये सोडत काढण्याची पद्धत आहे. सामना चालू असताना क्लबचा एखादा म्हातारा सभासद तिकिटांचे पुस्तक आणि पैशांची बादली घेऊन लोकांमधून फिरतो. तिकीट एक-दोन डॉलरचे. सामना संपल्यावर क्लबच्या खोलीत सगळे जमतात, एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घेतात आणि आकडा पुकारतात. बक्षीस म्हणजे रोख रक्कम नाही, भांडे नाही; जवळच्या खाटकाने दिलेला कच्च्या मांसाचा ट्रे असतो. त्यात सॉसेज, चॉप्स, कधी एखादे अख्खे मटणाचे तंगडे, आणि वरून पारदर्शक कागद गुंडाळलेला. ज्याचा आकडा निघतो तो पुढे जाऊन ट्रे घेतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि तो माणूस तो ट्रे काखेत मारून पुन्हा गप्पांत सामील होतो. मलाही सुरुवातीला हे समजेना. आता कळते की त्या बादलीतल्या पैशांतून मुलांच्या जर्सी, चेंडू, पट्ट्या आणि मैदानावर हजर असणाऱ्या प्रथमोपचारवाल्याचे मानधन निघते. ज्यांना मोठा प्रायोजक मिळत नाही ते क्लब अशाच पैशांवर उभे आहेत. मी तिकीट दर वेळी घेतो. एकदा माझा आकडा निघाला तेव्हा मी तो ट्रे तिथल्या तिथे एका टोंगन कुटुंबाला दिला, त्यांच्या घरी पाच मुले आहेत. माझ्या स्वयंपाकघरात तो आलेला नाही. आण्णांच्या गळ्यात माळ आहे हे मी इथे राहूनही विसरलेलो नाही.

आता ज्या गोष्टीचा मला खरा राग येतो ती सांगतो. या देशात हा खेळ मोठ्या फीच्या खासगी शाळांचा मानला जातो आणि निवड करणाऱ्यांची नजर पहिल्यांदा तिकडेच जाते. वास्तविक ऑस्ट्रेलियाचा आजवरचा सर्वांत कल्पक खेळाडू मार्क एला हा मॅट्राव्हिलच्या सरकारी हायस्कूलमधला आदिवासी मुलगा होता. त्याच्या घरातून तीन भाऊ राष्ट्रीय संघात गेले. १९८४ च्या ब्रिटन-आयर्लंड दौऱ्यात त्याने चारही कसोटींत ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून गुण मिळवले. तो आणि त्याचे भाऊ रँडविक क्लबचे. त्या क्लबची ताकद एवढी होती की १९८८ मध्ये न्यूझीलंडचा ऑल ब्लॅक्स संघ कूजीच्या छोट्या मैदानावर येऊन त्यांच्याशी खेळला आणि क्लब केवळ २५-९ ने हरला. क्लब बलवान होते तेव्हा १९९१ आणि १९९९ चे विश्वचषकही आले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यातला ब्लेडिसलो कप न्यूझीलंडकडे गेला तो २००३ मध्ये, आणि अजून परत आलेला नाही.

आजची उलट बाजू पाहा. जोसेफ सुआली हा पश्चिम सिडनीत, पेनरिथला जन्मलेला मुलगा. शिष्यवृत्तीवर पॅरामॅटाच्या किंग्ज स्कूलमध्ये तो आमचाच, म्हणजे पंधरा जणांचा, खेळ खेळला. तिथून त्याला रग्बी लीगवाल्यांनी, म्हणजे तेरा जणांच्या दुसऱ्या रग्बीने, उचलले, आणि मग आमच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या रग्बी मंडळाने प्रचंड पैसे मोजून त्याला परत आणले. तो अप्रतिम खेळाडू आहे आणि मी त्याच्यावर नाराज नाही. पण आमच्या दारातच घडलेल्या मुलाला विकत घ्यावे लागते, आणि त्या रकमेचा थोडासा भाग जरी ग्रॅनव्हिल पार्कसारख्या मैदानांवर प्रशिक्षकांसाठी खर्च झाला असता तर असे आणखी दहा सुआली आमच्याकडेच राहिले असते. पेनरिथच्या लीग संघाने २०२१ पासून सलग चार विजेतेपदे मिळवली, ती आपल्याच भागातल्या पोरांना लहानपणापासून हाताशी धरून. आमच्या मंडळाने त्यातून काहीच घेतले नाही याचे मला वाईट वाटते. प्रशिक्षक जो श्मिट यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. २०२३ च्या विश्वचषकात फिजीकडून आणि वेल्सकडून हरून संघ पहिल्यांदाच साखळीत बाद झाला, तिथून त्यांनी पुन्हा उभा केला आहे. प्रशिक्षक बदलून मात्र खालची उणीव भरून निघत नाही.

इजांची काळजी करू नका. मी खेळत नाही; गुणफलक लावतो आणि फाटकावर पैसे घेतो. खेळणाऱ्यांसाठीही २०२४ पासून क्लबच्या पातळीवर पकड छातीच्या हाडाखालीच धरायची असा नियम लावला आहे, आणि डोक्याला मार बसल्याची शंका आली तरी मुलाला लगेच बाहेर काढतात. सामन्यानंतर बिअर असते, हेही खरे. माझ्या हातात आल्याचे पेय असते आणि त्यावरून मला कोणी कधी टोकलेले नाही.

दादा बोलण्याच्या ओघात म्हणाला, की आण्णांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन जुलैत झाले तेव्हा मी मेलबर्नला मॅच पाहत होतो. ब्रिटिश आणि आयरिश लायन्स, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ, बारा वर्षांतून एकदा ऑस्ट्रेलियात येतात आणि ती तिकिटे आदल्या वर्षी काढलेली होती; ऑपरेशनची तारीख नंतर ठरली. रजा दोनच दिवसांची होती, तेवढ्यात तासगावला येऊन परत जाणे शक्य नव्हते. मैदानात ९०,३०७ लोक होते आणि आमचा संघ २३-५ ने पुढे असताना मी बाहेरच्या जिन्यावर जाऊन डॉक्टरांच्या फोनची वाट पाहत होतो, हे दादाला माहीत नाही. शेवटच्या मिनिटाला लायन्सनी २९-२६ ने सामना नेला, तेव्हा आण्णा शुद्धीवर आहेत आणि चहा मागत आहेत हा निरोप आला होता. दिवाळीला येता आले नाही आणि छाटणीनंतरच्या पावसात बागेवर डावणीचा रोग आला तेव्हा दादा एकटाच फवारत होता, हेही माझ्या मनात आहे.

विश्वचषक १ ऑक्टोबर २०२७ पासून इथेच आहे आणि अंतिम सामना सिडनीत आहे. बुधवारी गट जाहीर झाले. ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडच्या गटात आला, सोबत चिली आणि हाँगकाँग. लोक घाबरले आहेत, मला मात्र हे चांगले वाटते, कारण त्या एका सामन्यासाठी तरी मंडळ दोन वर्षे जागे राहील. तुम्ही दोघांनी तेव्हा यावे अशी माझी फार इच्छा आहे. आण्णांना पहिल्याच रांगेत बसवीन. व्हिसाचे आणि विमानाचे सर्व मी पाहीन.

पैशांचे लिहितो. विकास सोसायटीच्या हप्त्यासाठी दोन लाख रुपये या आठवड्यात दादाच्या खात्यावर येतील. दिवाळीपूर्वी तीन म्हणालो होतो. कायम वास्तव्याच्या अर्जाची फी मध्ये भरावी लागली. उरलेले एक लाख फेब्रुवारीत नक्की पाठवतो, बागेचा माल निघण्याआधी. तोवर सावकाराकडे जाऊ नका.

आणि आई, मिरजेच्या स्थळाला कृपया अजून शब्द देऊ नकोस. क्लबच्या मुलांच्या दुखापती पाहणारी एक फिजिओथेरपिस्ट आहे, तिचे घराणे फिजीतले. तिचे पूर्वज गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिथे ऊस तोडायला गेले आणि तिथलेच झाले. घरी हिंदी बोलतात, तिची आजी रोज रामायण वाचते. जात आणि कूळ यांचे मी विचारले नाही आणि शंभर वर्षांनंतर त्यांनाही ते सांगता येईल असे वाटत नाही. आम्ही एकमेकांना वर्षभरापासून ओळखतो. मी काही ठरवून मोकळा झालेलो नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय ठरवणारही नाही. एप्रिलमध्ये मी पंधरा दिवसांसाठी येतो आहे, क्लबचा हंगाम नुकताच सुरू झालेला असेल तरी येतो आहे, तेव्हा समोरासमोर बोलू. आण्णांना हे तू शांतपणे सांग, आणि ते काय म्हणाले ते जसेच्या तसे मला कळव.

वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद, आत्याला नमस्कार. पैसे जमा झाले की दादाला सोसायटीच्या पावतीचा फोटो पाठवायला सांगा.

तुमचा,
धाकटा