आयएसडीचा दर कॉल लागायच्या आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आमच्या आळीतल्या एक भाभी मोबाईल घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा शारजाला, त्याच्याशी बोलायला म्हणून शंभराचा टॉपअप मारला आणि सहा मिनिटांत फोन कट. "भाऊ, कंपनीने पैसे खाल्ले माझे, तुम्ही बूथवाले, तुम्हीच बघा काय ते." आता माझा एसटीडी-पीसीओ, म्हणजे पैसे देऊन बाहेरगावी फोन लावायचा बूथ, बंद होऊन जमाना झाला, पण चिपळुणात फोनच्या बिलाचं काही बिनसलं की जुनी माणसं अजून माझ्याच ओटीवर येतात, काय करणार.

कागदावर हिशोब मांडून दाखवला. शंभरात १८ टक्के जीएसटी आत धरलेला असतो, तो काढला की ८४ रुपये ७५ पैसे राहतात, त्यातून प्रोसेसिंग फी ३ रुपये जाते, हातात बॅलन्स ८१.७५. आता समजा तिकडचा दर मिनिटाला १२ रुपये आणि पल्स, म्हणजे पैसे मोजायचा एक टप्पा, एक मिनिटाचा, तर सहा मिनिटांचे ७२ गेले, उरले पावणेदहा आणि सातव्या मिनिटाला तर पूर्ण १२ लागतात, मग कॉल कट होणारच की. म्हणजे कंपनीने चोरी केली नाही, पण भाभींना यातलं एक अक्षर कोणी आधी सांगितलं होतं का, तर नाही. त्यांचं म्हणणं एकच, माझ्या पॅकवर अनलिमिटेड लिहिलंय. लिहिलंय खरं, पण ते अनलिमिटेड भारतातल्या भारतात, हे बारीक अक्षरात.

आणि हो, "व्हॉट्सअॅपवर का नाही करत" असं विचारणारे शहाणे पण खूप भेटतात. अहो, दुबई-शारजाला व्हॉट्सअॅपचा मेसेज जातो, कॉल तिकडच्या सरकारने बंद ठेवलाय. आमच्या चिपळूण, खेड, दापोलीकडे घरटी एक माणूस आखातात, त्यांच्या आयांना आयएसडीशिवाय, म्हणजे परदेशात थेट लावायच्या फोनशिवाय, पर्याय नसतो कधी कधी.

मी बूथ टाकला तेव्हा काय होतं ते सांगतो, त्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही. काचेच्या केबिनमध्ये फोन, आणि वर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लाल आकड्यांचं मशीन. कुठला नंबर लावला, किती सेकंद झाले, किती रुपये झाले, सगळं पळताना दिसायचं. समोरच्याने फोन उचलला की एक्स्चेंजकडून पल्स यायला लागायचे, एक पल्स म्हणजे एक युनिट, युनिटचा भाव ठरलेला. गाव जेवढं लांब तेवढे पल्स जवळजवळ पडायचे, हजार किलोमीटरच्या पुढच्या गावाला दिवसा दर दोन सेकंदाला एक, म्हणजे बोलणाऱ्याचा जीव नुसता मशीनकडे. रात्री अकरानंतर पाव दर म्हणून मुंबईच्या चाकरमान्यांना फोन करायला बाहेर रांग लागायची, पण पाव दर म्हणजे युनिट स्वस्त व्हायचं असं नाही, युनिटचा भाव तोच, फक्त पल्स चौपट लांब व्हायचा. ही गोष्ट सही करता न येणाऱ्या बायकांना पण बरोब्बर माहीत होती. आखाती आयएसडीच्या एका मिनिटात एका माणसाची दिवसाची मजुरी जायची तेव्हा, म्हणून शुक्रवारी, तिकडे सुट्टी असते ना, बायका यायच्या, तीस सेकंदात "मी बूथवर आहे, तू कर" एवढंच सांगून ठेवायच्या आणि मग मुलाच्या उलट्या फोनची वाट बघत बाकड्यावर बसायच्या. बिलावरून भांडण मला तरी आठवत नाही. भांडायला जागाच नव्हती, चिठ्ठी मशीनमधनं निघायची आणि आकडा तिनेच बघितलेला असायचा.

पुढे ते मशीन २००५ च्या पुरात गेलं, नवीन घेतलं, आणि २००६ ला वन इंडिया प्लॅन आला, एक रुपयात मिनिटभर भारतात कुठेही, तिथेच आमच्या धंद्याला उतरती कळा. त्याबद्दल तक्रार नाही, लोकांचं भलंच झालं. २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा सुरू झालं, २०१६ नंतर तर बोलण्याचे वेगळे पैसे देणंच बंद झाल्यासारखं झालं, आणि या सगळ्यात लोक पल्स हा शब्दच विसरले. माझा नातू इंजिनिअरिंगला आहे, त्याला विचारलं ६१ सेकंद बोललास तर किती मिनिटांचे पैसे, तर म्हणतो एक. एक मिनिटाचा पल्स असेल तर दोन! एक सेकंदासाठी अख्खं मिनिट.

दुसरा किस्सा आमच्या एका रिटायर्ड मास्तरांचा, पोस्टपेडवाले. रात्री मिस्ड कॉल आला, नंबरच्या आधी प्लस वन. पुतणी अमेरिकेत, त्यांना वाटलं तिचाच, लगेच उलटा लावला, तिकडे कोणी बोलेना, नुसती खरखर, हे आपले हॅलो हॅलो करत चार मिनिटं धरून बसले. बिलात बघितलं तर त्यांच्या अमेरिका पॅकचा दर त्या कॉलला लागलाच नाही, भलताच मोठा आकडा. कारण प्लस वन म्हणजे फक्त अमेरिका नव्हे. कॅनडा आहेच, पण जमैका, डोमिनिकन रिपब्लिक असे कॅरिबियनमधले बरेच देश त्याच वनमध्ये आहेत, पुढचे तीन आकडे बघायचे, ८७६ जमैका, ८०९ डोमिनिकन रिपब्लिक. आणि असले मिस्ड कॉल मुद्दाम मारतात, तुम्ही उलटा केला की त्या पैशातला वाटा त्यांना मिळतो म्हणून. आता ७४ वर्षांच्या माणसाने अंधारात चष्मा शोधून एरिया कोड तपासायचा का? मास्तरांनी कंपनीच्या १९८ या तक्रारीच्या नंबरला तक्रार केली, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक घेतला, उत्तर आलं की कॉल तुमच्याच फोनवरून झालाय, बिल बरोबर आहे. बरोबर असेलही, पण दर त्यांना कळला तो महिना संपल्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे. मध्यंतरी साधा लोकल फोन लावला तरी आधी सायबर फसवणुकीची टेप पूर्ण ऐकावी लागायची, म्हणजे कॉल लागायच्या आधी काहीतरी ऐकवता येतं हे सिद्धच झालंय. मग आयएसडीचा नंबर फिरवल्यावर पाच सेकंद मराठीत "हा कॉल अमुक देशात जातोय, दर मिनिटाला इतके रुपये, पल्स इतका" एवढं ऐकवायला काय अडचण आहे, कॉम्प्युटरला देश आणि दर माहीत असल्याशिवाय तो पैसे कापतो कसा? ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, हे सक्तीचं करावं. कॉल संपल्यावर प्रीपेडवाल्यांना किती कापले त्याचा मेसेज येतो, येतो म्हणजे यायला पाहिजे असा नियम आहे, पण जेवण झाल्यावर मेन्यूकार्ड दाखवून काय उपयोग. प्रीपेडवाल्यांना मागितलं तर मागच्या सहा महिन्यांतला कॉलवार हिशोब पण मिळतो, त्याला जास्तीत जास्त ५० रुपये घेता येतात, हे तर दुकानात रिचार्ज मारणाऱ्या पोरांना पण माहीत नाही.

आणि एक विनंती तुम्हाला पण. तुम्ही सोन्याचा भाव छापता, हापूसच्या पेटीचा छापता. तसं महिन्यातनं एकदा, सौदी, कुवेत, कतार, ओमान, दुबई एवढ्या पाच ठिकाणांचे सगळ्या कंपन्यांचे आयएसडी दर, पॅकसकट आणि पॅकशिवाय, पल्ससहित, एका छोट्या चौकटीत रत्नागिरी आवृत्तीत द्या. जमलं तर गुरुवारी द्या, इकडच्या बायका फोन अजून शुक्रवारीच करतात.

आपला,
एक जुना एसटीडीवाला, चिपळूण